पायथनमध्ये एका ऑब्जेक्टमध्ये केलेला बदल दुसऱ्यातही दिसतो: कारणे आणि क्रमवार तपासणी

"मॅडम, मी नोंद फक्त काटोलच्या खात्यात केली होती, पण ती नरखेडच्या खात्यातही दिसते आहे."

नागपुरात संध्याकाळच्या वर्गाला पायथन शिकवताना ही तक्रार मी अनेक रूपांत ऐकली आहे. खात्यांच्या जागी कधी गुणपत्रिका असतात, कधी दुकानातील माल, तर कधी मेट्रोच्या कार्डातील शिल्लक; बिघाड मात्र तोच असतो. वरचे वाक्य ज्याचे आहे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांची कळमन्याच्या बाजारात आडत आहे. आंबिया बहाराची संत्री येऊ लागली तेव्हा शेतकऱ्यांची आवक वहीबरोबर संगणकावरही नोंदवावी, म्हणून त्याने स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पहिल्याच दिवशी काटोलहून आलेला २० किलोचा क्रेट नरखेडच्या शेतकऱ्याच्या नावावरही चढला. पट्टी करण्याआधी त्याने वहीशी ताळा करून पाहिला, म्हणून ती चूक कोणाच्या पैशांपर्यंत पोहोचली नाही.

हा बिघाड शोधताना मी जो क्रम पाळते तो येथे मांडते आहे. ज्या तपासणीला एक मिनिटही लागत नाही ती आधी घेतली आहे आणि जिच्यासाठी प्रोग्रामची रचना उलगडावी लागते ती शेवटी. उदाहरणांतील पायथनचे राखीव शब्द आणि तयार फंक्शनांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती आणि अंक रोमन लिपीत टाइप करावेत. खाते, गाव, क्रेट ही आपण स्वतः दिलेली नावे देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ ती स्वीकारतो.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसत असेल तरी हा लेख आपल्या कामाचा आहे. एका ऑब्जेक्टच्या लिस्टमध्ये, म्हणजे यादीत, काही जोडले की ते त्याच क्लासच्या, म्हणजे त्याच साच्यातून घडलेल्या, सर्व ऑब्जेक्टांत दिसते. सुधारणा करण्यापूर्वी प्रत काढून ठेवलेली असते, पण मूळ बदलले की प्रतही बदलते. लूपमधून दहा ऑब्जेक्ट तयार करून लिस्टमध्ये ठेवले, तर दहाही ठिकाणी शेवटच्याचीच मूल्ये दिसतात. फंक्शनच्या आत मूल्य बदललेले दिसते आणि बाहेर आल्यावर ते जुनेच असते. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या __इनिट__ या फंक्शनमध्ये, मूल्य दिलेले असूनही नंतर ते वाचताना ऑब्जेक्टजवळ असे नाव, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच नाही, असा एरर येतो.

आणखी दोन लक्षणे याच कुळातील वाटतात, पण ती बिघाडाची नाहीत. ऑब्जेक्ट प्रिंट केल्यावर मूल्यांऐवजी क्लासचे नाव आणि शून्य-एक्सने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो, कारण तो ऑब्जेक्ट मजकुराच्या रूपात कसा दाखवावा हे आपण पायथनला सांगितलेले नसते. त्यासाठी क्लासमध्ये __रेप्र__ ही मेथड, म्हणजे क्लासच्या आतले फंक्शन, लिहावी लागते. तसेच सर्व मूल्ये सारखी असूनही दोन ऑब्जेक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हाने समान ठरत नाहीत, कारण __ईक्यू__ लिहिलेली नसेल तर पायथन मूल्ये न पाहता तो एकच ऑब्जेक्ट आहे का एवढेच पाहतो. या दोन्हींसाठी पुढील तपासण्या करण्याची आवश्यकता नाही.

तपासणीपूर्वी समजून घ्यायची एक गोष्ट

आपल्याकडे पत्ता लिहिताना ले-आऊटचे नाव आणि प्लॉट क्रमांक लिहितात. एखाद्या ले-आऊटमधील ४५ क्रमांकाच्या प्लॉटचा पत्ता मी एका चिठ्ठीवर लिहून तुम्हाला दिला आणि दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून तुमच्या भावाला दिला, तर चिठ्ठ्या दोन झाल्या, घर एकच राहिले. तुम्ही जाऊन त्या घराला पिवळा रंग दिला, तर भाऊ त्याच्या चिठ्ठीवरून तेथे पोहोचल्यावर त्यालाही पिवळेच घर दिसेल. पायथनमधील व्हेरिएबल म्हणजे अशी चिठ्ठी आहे आणि ऑब्जेक्ट म्हणजे घर आहे. बरोबरचे चिन्ह चिठ्ठीची नक्कल करते, घराची नाही.

हे समजणे जड जाते त्याचे एक कारण शिकण्याच्या क्रमात आहे. माझ्याकडे येणारी बरीच मुले आधी सी प्लस प्लस शिकून आलेली असतात. त्या भाषेत एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला बरोबरच्या चिन्हाने दिला, तर सामान्यतः त्यातील प्रत्येक मूल्याची प्रत होते, म्हणजे खरोखरच दुसरे घर बांधले जाते. पायथनमध्ये आणि जावामध्ये तसे होत नाही. ओळ दिसायला सारखी असते, अर्थ बदललेला असतो, आणि त्या ओळीवर कोणताही एरर येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की मूल्य चुकीचे का आले हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि येथे प्रत्यक्षात ऑब्जेक्ट किती आहेत, हे आधी मोजावे.

पहिली तपासणी: जो प्रोग्राम चालतो आहे तो खरोखर ताजा आहे का

फाइल जतन करावी आणि प्रोग्राम पूर्णपणे बंद करून पुन्हा चालवावा. ज्युपिटर नोटबुक वापरत असाल तर कर्नल रीस्टार्ट करून सर्व सेल वरून खाली क्रमाने चालवावेत. नोटबुकमध्ये क्लासचा सेल दुरुस्त करून पुन्हा चालवला, तर पायथन त्याच नावाचा नवा क्लास तयार करतो, परंतु आधी तयार झालेले ऑब्जेक्ट जुन्या क्लासचेच राहतात. त्यामुळे दुरुस्ती अचूक असूनही काटोल आणि नरखेड ही दोन खाती जुन्याच नियमाने वागत राहतात आणि विद्यार्थी बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची समजून खोडून टाकतो. अशी खोडलेली बरोबर ओळ मी पुष्कळदा परत लिहायला लावली आहे.

दुसरी तपासणी: ऑब्जेक्टच्या आत प्रत्यक्षात काय साठवले आहे

व्हार्स हे तयार फंक्शन ऑब्जेक्टच्या स्वतःजवळ साठवलेली सर्व नावे आणि त्यांची मूल्ये दाखवते. बिघाड दिसतो त्या ओळीच्या लगेच आधी पुढील दोन ओळी घालाव्यात.

प्रिंट(व्हार्स(काटोल))
प्रिंट(व्हार्स(नरखेड))

आलेले उत्तर कागदावर उतरवून घ्यावे, कारण त्याचा उपयोग पुढे पुन्हा होणार आहे. या टप्प्यावर दोन साधे दोष लगेच सापडतात.

पहिला दोष स्पेलिंगचा आहे. पायथनमध्ये अस्तित्वात नसलेल्या अ‍ॅट्रिब्यूटला मूल्य दिले, तर तो तक्रार न करता त्या नावाचे नवे अ‍ॅट्रिब्यूट तयार करतो. एका मुलीच्या प्रोग्राममध्ये कन्स्ट्रक्टरमध्ये "हिशेब" होते आणि बेरीज करणाऱ्या मेथडमध्ये "हिशोब". मराठीत दोन्ही रूपे चालतात, म्हणून तिच्या डोळ्यांना ते खटकले नाही. पायथनच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी खणे होती, एकात रक्कम वाढत होती आणि दुसऱ्यात शून्यच राहिले होते. व्हार्सने दोन्ही नावे शेजारी दाखवताच तिला चूक कळली.

दुसरा दोष सेल्फ, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, हा शब्द विसरण्याचा आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये "सेल्फ.गाव = गाव" असे लिहिण्याऐवजी "गाव = गाव" असे लिहिले, तर ते मूल्य त्या मेथडपुरत्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये जाते आणि मेथड संपताच नाहीसे होते. व्हार्सच्या उत्तरात ते नावच दिसत नसेल, तर कन्स्ट्रक्टरमधील प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सेल्फ आणि टिंब आहे का, हे पाहावे.

तिसरी तपासणी: ऑब्जेक्ट किती आणि लिस्टा किती

ही तपासणी पूर्ण लेखाचा कणा आहे. "इज" हा राखीव शब्द दोन चिठ्ठ्या एकाच घराच्या आहेत का, हे सांगतो. येथे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळे विचारले पाहिजेत.

प्रिंट(काटोल इज नरखेड)
प्रिंट(काटोल.क्रेट इज नरखेड.क्रेट)

पहिल्या ओळीचे उत्तर "ट्रू" आले, तर खाती दोन नाहीतच. एकाच खात्याला दोन नावे आहेत, आणि तुम्ही थेट सहाव्या तपासणीकडे जावे. पहिले उत्तर "फॉल्स" आणि दुसरे "ट्रू" आले, तर खाती वेगळी आहेत पण दोघांची क्रेटची यादी एकच आहे. अशा वेळी मघाशी उतरवून घेतलेले व्हार्सचे उत्तर पाहावे. त्यात क्रेट हे नाव मुळीच नसेल, तर यादी क्लासवर लिहिलेली आहे आणि चौथी तपासणी करावी. नाव असेल, तर पाचवीपासून पुढे पाहावे. दोन्ही उत्तरे "फॉल्स" असतील, तर हा सामाईक ऑब्जेक्टचा बिघाडच नाही. दोन्ही खात्यांत लिहिणारी एखादी ओळ, फाइल किंवा डेटाबेस यांत शोध घ्यावा.

आयडी हे फंक्शनही याच कामासाठी वापरतात. नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, ते ऑब्जेक्टचा मेमरीतील पत्ता देते. परंतु दोन ठिकाणी ते फसवते. एक म्हणजे लहान पूर्णांक: सीपायथन उणे ५ ते २५६ पर्यंतचे पूर्णांक एकदाच तयार करून ठेवतो, त्यामुळे दोन खात्यांतील २० या आकड्यांचा आयडी एकच येतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. म्हणून आयडी आकड्यांचा पाहू नये, लिस्टचा किंवा ऑब्जेक्टचाच पाहावा. दुसरे म्हणजे ज्याला कोणतेही नाव दिलेले नाही असा ऑब्जेक्ट काम होताच नष्ट होऊन त्याची जागा पुढच्याला मिळू शकते आणि दोन वेगळ्या ऑब्जेक्टांचा आयडी सारखा दिसतो. दोन्ही ऑब्जेक्टांना नाव देऊन मगच तुलना करावी.

चौथी तपासणी: यादी क्लासवर लिहिली आहे का

आडतीच्या प्रोग्राममध्ये दोष येथेच होता. त्याने लिहिलेला क्लास असा होता.

क्लास खाते:
    क्रेट = []
    डेफ __इनिट__(सेल्फ, गाव):
        सेल्फ.गाव = गाव
    डेफ आवक(सेल्फ, वजन):
        सेल्फ.क्रेट.अपेंड(वजन)

यात "क्रेट" ही यादी कोणत्याही एका खात्याची नाही. ती क्लासची आहे, आणि क्लास एकच असल्यामुळे यादीही एकच आहे. "सेल्फ.क्रेट" असे वाचताना पायथन आधी ऑब्जेक्टच्या स्वतःच्या साठ्यात पाहतो, तेथे ते नाव नसेल तर क्लासमध्ये पाहतो. काटोलच्या साठ्यात नाव नव्हते, नरखेडच्याही नव्हते, दोघेही क्लासच्या एकाच यादीपर्यंत पोहोचले आणि अपेंडने त्याच यादीत २० लिहिले.

त्याने मला विचारलेला पुढचा प्रश्न फार योग्य होता आणि त्याचे उत्तर नीट समजल्याशिवाय हा दोष पुन्हा पुन्हा होतो. क्लासवर त्याने "नग = ०" असेही लिहिले होते आणि मेथडमध्ये "सेल्फ.नग += १" केले होते; मग नगांची संख्या प्रत्येक खात्याची वेगळी कशी राहिली? कारण अधिक-बरोबर या चिन्हात वाचणे आणि लिहिणे अशा दोन क्रिया आहेत. वाचताना ऑब्जेक्टजवळ "नग" नसल्यामुळे क्लासवरचे शून्य मिळते, त्यात एक मिळवला जातो, आणि उत्तर लिहिताना ते ऑब्जेक्टच्या स्वतःच्या साठ्यात लिहिले जाते. सेल्फद्वारे केलेले लेखन नेहमी ऑब्जेक्टवरच होते. अपेंडमध्ये मात्र नावावर लेखन होतच नाही. नावाच्या मागे असलेल्या घरात जाऊन भर घातली जाते. आकडा बदलता येत नाही, म्हणून नवा आकडा तयार होऊन नव्या जागी ठेवला जातो. यादी बदलता येते, म्हणून जुनीच बदलते. मूल्य बदलण्यायोग्य आहे की नाही, हा फरक येथे निर्णायक ठरतो.

एक फसवे रूप लक्षात ठेवावे. "सेल्फ.क्रेट += [२०]" असे लिहिले असेल, तर क्लासवरची सामाईक यादीच वाढते आणि शिवाय तिचीच चिठ्ठी ऑब्जेक्टवरही ठेवली जाते. त्यामुळे व्हार्समध्ये "क्रेट" हे नाव दिसते आणि दोष क्लासवर नाही असे वाटते. व्हार्समध्ये नाव दिसले तरी क्लासच्या सुरुवातीच्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, त्या यासाठीच.

दुरुस्ती एका ओळीची आहे: क्लासवरची "क्रेट = []" ही ओळ काढून कन्स्ट्रक्टरमध्ये "सेल्फ.क्रेट = []" लिहावी. कन्स्ट्रक्टर प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतंत्रपणे चालतो, म्हणून प्रत्येक वेळी नवी यादी तयार होते. क्लासवर फक्त तेच ठेवावे जे खरोखर सर्वांचे एकच आहे, उदाहरणार्थ आडतीचा दर किंवा बाजाराचे नाव.

पाचवी तपासणी: कन्स्ट्रक्टरच्या कंसात रिकामी यादी दिली आहे का

कन्स्ट्रक्टरची ओळ अशी असेल तर थांबावे.

डेफ __इनिट__(सेल्फ, गाव, क्रेट=[]):
    सेल्फ.क्रेट = क्रेट

पाहताना असे वाटते की क्रेट दिले नाहीत तर प्रत्येक वेळी नवी रिकामी यादी मिळेल. प्रत्यक्षात ठरावीक मूल्य, म्हणजे डिफॉल्ट, डेफची ओळ पायथनने वाचली त्या क्षणी एकदाच तयार होते आणि फंक्शनजवळ जपून ठेवले जाते. क्रेट न देता उघडलेल्या प्रत्येक खात्याला त्याच एका यादीची चिठ्ठी मिळते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय आहे. दोन खाती उघडून एकात २० आणि दुसऱ्यात १८ नोंदवावेत आणि पुढील ओळ चालवावी.

प्रिंट(खाते.__इनिट__.__डिफॉल्ट्स__)

उत्तरात रिकाम्या यादीऐवजी २० आणि १८ हे दोन्ही आकडे बसलेले दिसतात. विद्यार्थ्याला शंभर वेळा समजावून सांगण्यापेक्षा ही एक ओळ चालवून दाखवणे अधिक उपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

दुरुस्तीसाठी कंसात यादीऐवजी "नन", म्हणजे 'काहीच नाही' हे मूल्य, ठेवावे आणि आत "क्रेट नन असेल तर सेल्फ.क्रेट नवी यादी, नाहीतर लिस्ट(क्रेट)" अशी अट लिहावी. लिस्ट(क्रेट) लिहिण्यालाही कारण आहे: बाहेरून कोणी एकच यादी दोन खात्यांना दिली, तरी प्रत्येक खाते स्वतःची प्रत करून घेते. पायथन ३.७ पासून उपलब्ध असलेल्या डेटाक्लासमध्ये डिफॉल्ट म्हणून थेट रिकामी यादी दिली, तर क्लास तयार होतानाच एरर येतो आणि त्याऐवजी दर वेळी नवी यादी तयार करणारी डिफॉल्ट फॅक्टरी द्यावी लागते. भाषा घडवणाऱ्यांनाच येथे अडसर घालावासा वाटला, यावरून ही चूक किती सर्रास होते हे लक्षात यावे.

सहावी तपासणी: एकाच ऑब्जेक्टला अनेक नावे दिली आहेत का

"नरखेड = काटोल" अशी सरळ ओळ क्वचितच सापडते; हा दोष बहुधा लूपमध्ये दडलेला असतो. लूपच्या बाहेर एकदाच "न = खाते('')" असे लिहिलेले असते, आत "न.गाव" ला प्रत्येक गावाचे नाव दिले जाते आणि "न" यादीत जोडला जातो. काटोल, नरखेड, सावनेर अशी तीन गावे दिली तर यादीत तीन नोंदी होतात, पण तिन्ही चिठ्ठ्या एकाच घराच्या असतात आणि त्या घरावरची पाटी शेवटची, म्हणजे सावनेरची असते. ऑब्जेक्ट तयार करणारी ओळ लूपच्या आत घेतली की प्रश्न सुटतो. "[खाते('')] * ३" असे लिहिले तरी हेच घडते, कारण गुणाकार चिठ्ठ्यांचा होतो.

सातवी तपासणी: काढलेली प्रत किती खोल आहे

चौथ्या तपासणीतील दुरुस्ती केल्यावर आठ-दहा दिवसांनी तोच विद्यार्थी पुन्हा आला. वजनात दुरुस्ती करण्यापूर्वी तो कॉपी मोड्यूलमधील कॉपी वापरून खात्याची प्रत काढून ठेवत होता आणि तरीही जुने वजन हरवत होते. कॉपी फंक्शन बाहेरचा ऑब्जेक्ट नवा तयार करते, पण त्याच्या आतल्या चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवते. खाते नवे झाले, गावाचे नाव त्यात आले, पण क्रेटची यादी तीच राहिली. गावाचे नाव बदलून पाहिले तर प्रत वेगळी दिसते आणि म्हणून ती पूर्ण आहे असा समज होतो. आतल्या यादीला हात लावल्यावरच खरे काय ते कळते. प्रतीची परीक्षा नेहमी सर्वांत आतल्या मूल्यावर घ्यावी.

डीपकॉपी हे फंक्शन आतल्या याद्यांसह सर्व काही नव्याने तयार करते आणि अशा छोट्या प्रोग्राममध्ये ते चालते. तरीही प्रत्येक ओळीत डीपकॉपी घालून मोकळे होण्याची सवय मला योग्य वाटत नाही. प्रत्येक खात्यात बाजाराच्या दराचा एक सामाईक ऑब्जेक्ट असेल, तर डीपकॉपी त्याचीही वेगळी प्रत करते. मग दर बदलल्यावर जुन्या प्रतींमध्ये तो जुनाच राहतो आणि पूर्वीच्या उलट बिघाड सुरू होतो. त्यापेक्षा क्लासमध्ये "प्रत" नावाची मेथड लिहून कोणते मूल्य नवे हवे आणि कोणते सामाईक राहावे, हे आपण स्वतः ठरवावे. हे ठरवता येत नसेल, तर आपल्या क्लासमध्ये काय कोणाचे आहे, हेच अजून निश्चित झालेले नाही असे समजावे.

आठवी तपासणी: फंक्शनच्या आत काय बदलले

खाते रिकामे करण्यासाठी लिहिलेल्या फंक्शनमध्ये "यादी = []" अशी ओळ असेल, तर बाहेरची यादी रिकामी होणार नाही. फंक्शनला मिळालेली चिठ्ठी ही त्याची स्वतःची नक्कल असते. तिच्यावरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला, तर तुमच्या हातातील चिठ्ठी बदलत नाही. "यादी.क्लिअर()" असे लिहिले, तर फंक्शन त्या पत्त्यावर जाऊन घर रिकामे करते आणि तो परिणाम सर्वांना दिसतो. मूल्य पाठवणे आणि संदर्भ पाठवणे या पुस्तकी जोडीत पायथनला बसवण्याचा प्रयत्न केल्याने गोंधळ वाढतो. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात सीएलयू या भाषेतील अशाच वागण्याला वेगळे नाव दिले होते. त्याचा अर्थ ऑब्जेक्ट सामाईक करून पाठवणे असा होतो आणि पायथनलाही तेच वर्णन नेमके लागू पडते.

येथपर्यंत येऊनही ऑब्जेक्टची संख्या डोळ्यांसमोर येत नसेल, तर पायथन ट्यूटर हे साधन वापरावे. ते प्रोग्राम एकेक ओळ चालवून नावे एका बाजूला, ऑब्जेक्ट दुसऱ्या बाजूला आणि त्यांच्यामध्ये बाण काढून दाखवते. इंटरनेट नसेल तर हेच चित्र कागदावर पेन्सिलीने काढावे. मी परीक्षेच्या आधी दोन तास मुलांकडून फक्त बाण काढून घेते.

कोठे थांबावे आणि अनुभवी व्यक्तीला कधी बोलवावे

प्रोग्राममध्ये खऱ्या लोकांचे पैसे, गुण किंवा औषधांचे हिशेब असतील आणि मूल्ये मिसळलेली आढळली, तर कोणतीही तपासणी करण्यापूर्वी प्रोग्राम बंद करावा, डेटाची प्रत वेगळी काढून ठेवावी आणि नोंदी वहीत सुरू कराव्यात. चालू प्रोग्राममध्ये दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. दोष सापडला तरी आधी चुकलेल्या नोंदी आपोआप बरोबर होत नाहीत. कोणती नोंद कोणाची, हे मूळ कागदांवरूनच ठरवावे लागते.

तोच प्रोग्राम त्याच माहितीवर चालवूनही दर वेळी वेगळे उत्तर येत असेल, तर एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग, एकाच ऑब्जेक्टवर लिहीत असण्याची शक्यता मोठी आहे. हा दोष प्रिंटच्या ओळी घातल्यावर कधी लपतो आणि काढल्यावर पुन्हा दिसतो. नवशिक्याने येथे एकट्याने झुंजू नये. तसेच ऑब्जेक्टमधील मूल्य बरोबर दिसते पण डेटाबेसमध्ये जुनेच राहते, किंवा उलटे घडते, तर प्रश्न ऑब्जेक्टचा राहिलेला नाही. ज्याने त्या डेटाबेसची जोडणी केली आहे, त्याच्याकडे तो न्यावा. दुसऱ्याने लिहिलेल्या मोठ्या प्रोग्राममधील क्लासवरची सामाईक यादी काढून टाकण्याचा मोहही आवरावा, कारण ती मुद्दाम सामाईक ठेवलेली असू शकते आणि तिच्यावर इतर भाग अवलंबून असू शकतात.

आठही तपासण्या क्रमाने करून एक पूर्ण संध्याकाळ गेली असेल, तरीही थांबावे. त्यानंतर माणूस ओळी समजून न घेता बदलू लागतो आणि मूळ दोषात नवे दोष मिसळतात, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

मदत मागताना पूर्ण प्रोग्राम पाठवू नये. बिघाड दाखवणारा वीस-पंचवीस ओळींचा तुकडा वेगळा काढावा, पायथनची आवृत्ती लिहावी, काय अपेक्षित होते आणि काय आले हे जसेच्या तसे लिहावे, आणि तिसऱ्या तपासणीची दोन्ही उत्तरे सोबत द्यावीत. शेतकऱ्यांची खरी नावे, फोन क्रमांक आणि रकमा त्यातून काढून टाकाव्यात. काटोल आणि नरखेड अशी दोन खाती आणि दोन-तीन क्रेटची वजने एवढ्यावर दोष दिसत असेल, तर तपासणाऱ्याला तेवढे पुरते.